टाळू शिवली, पण कानातला दडा तसाच

फाटलेल्या ओठाच्या मोफत शस्त्रक्रियेचे फलक आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. फलकावर दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. या शस्त्रक्रिया होतात हे फार मोठं काम आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यातली कितीतरी माणसं फाटलेला ओठ घेऊनच म्हातारी झाली, आणि ‘ग्रहणात आईने काहीतरी चिरलं’ हा ठपका त्यांच्या आयांनी जन्मभर सोसला. पण फोटोत फक्त ओठ येतो. तोंडातली टाळू दिसत नाही, आणि कानाचा तर कुणी विचारही करत नाही. टाळू जन्मतः दुभंगलेली असली की पहिल्या काही वर्षांत बाळाला कमी ऐकू येणार, हे जवळजवळ गृहीतच धरावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे: टाळूला टाके पडले की केस संपली, ही समजूत मोडली पाहिजे. अशा प्रत्येक मुलाचे कान जन्मापासून किमान बाराव्या वर्षापर्यंत ठरलेल्या तारखांना तपासले जावेत, तेही नाशिक जिल्ह्यातच, आणि हे काम कुणाचं ते कागदावर लिहिलेलं असावं.

आधी मुळात होतं काय ते पाहू. मधल्या कानातून नाकाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी उतरते, तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा मऊ टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर ओढून उघडतो आणि कानात ताजी हवा जाते. कसारा घाट उतरताना कानात दडा बसतो आणि गिळलं की सुटतो, ते याच नळीमुळे. टाळू दुभंगलेली असेल तर दोन्ही बाजूंचे स्नायू मधोमध एकमेकांना भेटतच नाहीत. ते पुढे वळून कडेच्या हाडाला चिकटलेले असतात. ओढायला आधार नाही, म्हणून नळी उघडत नाही. आत अडकलेली हवा अस्तरात शोषली जाते, पोकळीतला दाब उणा होतो, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. तो आधी पाण्यासारखा पातळ असतो, महिन्या-दोन महिन्यांत डिंकासारखा घट्ट होतो. या सगळ्यात दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही. मग डॉक्टरकडे नेणार कोण? अमेरिकेत १९६९ साली पॅराडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळू दुभंगलेल्या ५० बाळांचे कान पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्या मधल्या कानात बिघाड सापडला. म्हणजे ही गोष्ट पन्नास वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. नुसता ओठ फाटलेला आणि टाळू धड असेल तर हा धोका फारसा वाढत नाही. मात्र टाळू धड आहे हे उजेडात नीट पाहून आणि बोट फिरवून ठरवलेलं असावं, ओठावरून अंदाज बांधून नव्हे.

ऐकण्यातली ही घट बहुतेक वेळा २० ते ४० डेसिबलच्या दरम्यान असते. समोरासमोरचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे मूल बहिरं नसतं. दार आपटलं की ते दचकतं, मोबाइलवर गाणं लागलं की नाचतं, मागून टाळी वाजवली की वळतं. घरचे निर्धास्त होतात आणि अंगणवाडीच्या नोंदवहीत ‘ऐकू येते’ असं लिहिलं जातं. जवळून वाजवलेली टाळी किंवा थाळी इतकी मोठी असते की ३५ डेसिबल घट असलेल्या मुलालाही ती सहज ऐकू जाते. या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही, आणि ती जितकी खात्रीने केली जाते तितकं नुकसान वाढतं.

मुलाला ऐकू येत नाहीत ते मऊ, श्वासाचे आवाज आणि शब्दांची शेपटं. मराठीत तर वाक्याचा अर्थच शेपटावर उभा असतो. ‘दादाने मारलं’ आणि ‘दादाला मारलं’ यांत फरक एका हलक्या अक्षराचा. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘थाट’, ‘कार’ आणि ‘खार’ यांना वेगळं करणारा हकार तर नुसता उच्छ्वास असतो. बोलणारी व्यक्ती चार पावलं दूर असली, पंखा चालू असला, की असे आवाज पहिले बुडतात. आणि ही घट रोज सारखीही नसते. नाक मोकळं असेल त्या आठवड्यात मूल बऱ्यापैकी ऐकतं. निफाडच्या थंडीत सर्दी झाली की पुन्हा दडा. कधी ऐकतं, कधी ऐकत नाही, यावरून मोठी माणसं एकच निष्कर्ष काढतात: ‘मनात असलं की बरोब्बर ऐकतो.’ या मुलांच्या वाट्याला येणारा हा सगळ्यात अन्यायकारक शेरा आहे.

त्यात बोलणं कानाची अडचण झाकून टाकतं. टाळूतून हवा नाकात निसटते, म्हणून उच्चार गेंगाणे होतात. प, ट, क अशा अक्षरांना तोंडात दाब धरावा लागतो, तो धरता येत नाही. मग मूल घशातच आवाज अडवून काम भागवायला शिकतं. पाहणारा म्हणतो, टाळूमुळे बोबडं बोलतंय. ते खरंच असतं, पण अर्धंच. कानावर पडलेला मूळ आवाजच पुसट असेल तर मूल नक्कल तरी कशाची करणार? स्पीच थेरपिस्ट समोर बसून महिनोन् महिने ‘क’ घोटून घेतात आणि मुलाला ‘क’ आणि घशातला अडखळा यांतला फरकच ऐकू येत नसतो. माझ्या मते थेरपी सुरू करण्याआधी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी त्याच दिवशी कानांची तपासणी झालेली नसेल, तर त्या थेरपीतला बराच वेळ वाया जातो. आणि वाया जाणारा वेळ बहुतेकदा दोन एसटी बदलून आलेल्या आईचा असतो.

आता तपासण्यांविषयी जरा तपशिलाने, कारण गाडी घसरते ती इथेच.

जन्मानंतर महिन्याच्या आत पहिली चाचणी होते ती ओएई. कानात छोटी नळी ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा प्रतिध्वनी टिपतात. मधल्या कानात द्रव असेल तर हा प्रतिध्वनी बाहेर पोचतच नाही आणि यंत्र ‘रेफर’ म्हणजे ‘पुढे तपासा’ असं दाखवतं. इथे दोन चुका होतात. एक, ‘टाळू फाटलेली आहे म्हणून येत नसेल, ऑपरेशन झालं की बघू’ असं सांगून बाळाला परत पाठवलं जातं आणि पुढचं वर्ष हातचं जातं. दोन, जन्मतः ‘पास’ आलेलं बाळ चार महिन्यांनी द्रव साठून कमी ऐकू लागतं, पण फाइलमध्ये ‘पास’ लिहिलेलं असल्याने पुन्हा कुणी पाहत नाही. टाळू दुभंगलेल्या बाळाच्या बाबतीत जन्माच्या वेळचा ‘पास’ हा त्या दिवसापुरताच असतो.

तीन महिन्यांच्या सुमारास बेरा व्हायला हवी. डोक्याला तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद मोजतात. ही चाचणी कानात आवाज सोडून होते तशीच कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही होते, आणि टाळूच्या बाळांत हाडावरची बेरा आवर्जून मागून घ्यावी. हवेतून कमी आणि हाडातून नॉर्मल आलं तर अडथळा मधल्या कानात आहे. दोन्हींतून कमी आलं तर आतला कान किंवा नस, आणि मग सगळा रस्ता वेगळा. बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं. त्या सकाळी त्याला झोपू देऊ नये, तिथे पोचल्यावर दूध पाजावं, मग ते आपसूक झोपतं. झोपेचं औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांनी समोर द्यावं. ज्यांची हनुवटी लहान आणि जीभ मागे पडलेली असते अशा बाळांचा श्वास झोपेच्या औषधाने अडकू शकतो, त्यांना ते घरून पाजून आणणं धोक्याचं आहे.

टिम्पॅनोमेट्री हे दोन मिनिटांचं काम. कानात रबरी बोंड बसवून हवेचा दाब थोडा वर-खाली करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख काढतात. पडदा मोकळा असेल तर डोंगरासारखं टोक येतं. मागे द्रव असेल तर सरळ आडवी रेघ. सहा-सात महिन्यांखालच्या बाळाला नेहमीच्या २२६ हर्ट्झच्या सुराने ही चाचणी केली तर द्रव असूनही आलेख चांगला दिसू शकतो. त्या वयात १००० हर्ट्झचा सूर लागतो. यंत्रात ही सोय आहे का, हे विचारायला पालकांनी संकोच करू नये. सरळ रेघेबरोबर कानाच्या बाहेरच्या नळीचं आकारमान किती आलं तेही वाचावं लागतं: खूप मोठं आलं तर पडद्याला छिद्र आहे किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवलेली छोटी नळी) उघडं आहे, फारच लहान आलं तर मळ अडकलाय. मळ न काढता केलेली चाचणी फाइलमध्ये जाऊन बसली की पुढचे सगळे निर्णय तिच्यावर चुकतात.

त्यानंतर सहाव्या महिन्याला, टाळूच्या शस्त्रक्रियेआधी, आणि शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी तपासणी. बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की आवाजाकडे वळल्यावर दिवा किंवा खेळणं उजळणारी चाचणी करता येते. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ‘आवाज आला की डब्यात मणी टाक’ असं शिकवून करता येते. पाचाच्या पुढे मोठ्यांसारखा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे बारापर्यंत वर्षातून एकदा, आणि शक्यतो एक तपासणी थंडीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात टाळू दुभंगलेल्या मुलांना जोखमीच्या गटात वेगळं काढलं आहे. साध्या मुलाच्या कानात द्रव दिसला तर तीन महिने थांबून पाहणं योग्य असतं; या मुलांना तसं सरसकट थांबवू नये, असा त्याचा रोख आहे.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होते. त्या वेळी बाळाला भूल दिलेलीच असते. त्याच भुलेत कान-नाक-घसा तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही कान पाहावेत, मळ काढावा, पडद्याची अवस्था लिहून ठेवावी. यात थोडी मिनिटं जातात. जागेपणी वर्षाच्या बाळाचा अरुंद कान असा कधीच दिसत नाही. तरीही दोन विभागांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून हे राहून जातं, आणि नंतर कानासाठी पुन्हा भूल द्यावी लागते. शिबिरात हे राहणार हे तर जवळजवळ ठरलेलंच, कारण शिबिरात शस्त्रक्रियांची संख्या मोजली जाते.

कान पाहावेत असं म्हणतो, तेव्हा सगळ्यांना ग्रोमेट घालावं असं मी म्हणत नाही. या प्रश्नावर तज्ज्ञांत खराखुरा मतभेद आहे. पडद्याच्या पुढच्या-खालच्या भागाला बारीक छेद देऊन द्रव ओढून घेतात. जुना असेल तर तो तारेसारखा लांबच लांब निघतो. मग छेदात छोटी नळी बसवतात, तेच ग्रोमेट. त्या दिवसापासून ऐकणं सुधारतं, हे खरं. पण ते सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात आपोआप गळून पडतं, युस्टेशियन नळीचा मूळ दोष तसाच असतो आणि द्रव पुन्हा भरतो. दर खेपेला पडद्यावर चुन्यासारखे पांढरे डाग, पातळपणा, कधी कायमचं छिद्र. या मुलांत ग्रोमेटमधून कान वाहण्याचं प्रमाणही जास्त. ब्रिटनच्या २००८ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात टाळूच्या शस्त्रक्रियेबरोबर सरसकट ग्रोमेट घालू नये, आधी कान आणि श्रवण नीट तपासावं, आणि श्रवणयंत्र व ग्रोमेट हे एकमेकांना पर्याय मानावेत असं सांगितलं होतं. मला हे पटतं. ग्रोमेट घातलं आणि पुढच्या तपासणीला बोलावलंच नाही, तर ते न घातल्यापेक्षा वाईट होऊ शकतं.

सर्दीची सिरपं, नाकातले थेंब, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स यांनी हा द्रव जात नाही. यावर पालकांचा जो पैसा जातो तो थांबला तरी बरंच होईल.

श्रवणयंत्राचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. ‘फाटलेला ओठ शिवला, आता कानाला मशीन?’ ही भावना समजण्यासारखी आहे. पण हे यंत्र कायमचं नसतं. बहुतेक मुलांत सात-आठ वर्षांनंतर, काहींत दहा-बाराव्या वर्षी युस्टेशियन नळीचं काम सुधारतं. तोवर भाषा शिकण्याची वर्षं वाचवायची आहेत. कानामागे बसणारं यंत्र, त्याचा मऊ साचा मुलाच्या कानाच्या मापाचा. लहान बाळाचा कान वाढतो, साचा ढिला होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि आई ते काढून कपाटात ठेवते. यंत्र बंद पडण्याचं सर्वांत साधं कारण हेच, आणि इलाज म्हणजे पहिल्या दोन वर्षांत दर तीन-चार महिन्यांनी नवा साचा. बटणसेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी, मग बसवावा. रात्री सेलचं दार उघडं ठेवावं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवल्याशिवाय टिकत नाही. कान वाहत असेल तर साचा कानात ठेवू नये. अशा मुलांसाठी कपाळपट्टीवर बसवलेलं, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र मिळतं.

घरातल्या दोन-तीन गोष्टीही सांगायला हव्यात. बाळाला आडवं धरून पाजलं की दूध नाकातून युस्टेशियन नळीच्या तोंडाशी जातं. पाठ उभी ठेवून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, थोडं थोडं पाजावं. चूल आणि विडीचा धूर, बाळंतघरातली ओव्या-लसणाची धुरी यांनी नाकाचं अस्तर सुजतं. आणि कानात कोमट तेल. टाळू दुभंगलेल्या मुलाच्या कानात तेल कधीही घालू नये, कारण पडद्याला छिद्र असू शकतं किंवा ग्रोमेट असतं आणि तेल थेट मधल्या कानात उतरतं. ग्रोमेट असताना अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात बसवावा. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त सहज आत शिरतं. रामकुंडात मुलाला बुडी देणं टाळावं, डोक्यावर ओंजळभर पाणी पुरे. कान वाहू लागला तर दुकानातून जेंटामायसिनचे थेंब आणून घालू नयेत. छिद्रातून ते आतल्या कानाला इजा करू शकतात. कोणते थेंब घालायचे ते कान पाहून डॉक्टरांनी ठरवावं.

सगळ्यांचंच कमी ऐकणं द्रवामुळे असतं असंही नाही. दुभंगलेली टाळू हा कधीकधी मोठ्या आजाराचा एक भाग असतो. स्टिकलर सिंड्रोममध्ये टाळूबरोबर जाड चष्मा आणि आतल्या कानाचा बहिरेपणा येऊ शकतो. ट्रीचर कॉलिन्समध्ये कानाची पाळी आणि आतली हाडंच नीट घडलेली नसतात. हाडावरची बेरा मागून घ्या, असं वर म्हटलं ते यासाठीच. द्रव काढूनही ऐकणं सुधारत नसेल तर ‘हळूहळू येईल’ हे उत्तर स्वीकारू नये.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातल्या पालघरहून. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. पथकाच्या ३० आजारांच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, जन्मजात बहिरेपणा आहे, मधल्या कानाचा दाह आहे आणि श्रवणदोषही आहे. चारही गोष्टी यादीत आहेत, पण वेगवेगळ्या रकान्यांत. टाळूच्या रकान्यात खूण झाली की बाळ शस्त्रक्रियेकडे जातं आणि शस्त्रक्रिया झाली की खूण पूर्ण होते. या रकान्यातली खूण त्या रकान्यातली तपासणी आपोआप मागेल, एवढा एक नियम करायला नवा पैसा लागत नाही.

दुसरी अडचण टक्क्यांची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणारा’ ठरायला दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट लागते. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळायला ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आपल्या मुलाची घट ३५ डेसिबलची आणि वर-खाली होणारी. त्याला दाखला मिळत नाही, मग यंत्रही नाही. कायमच्या दिव्यांगत्वासाठी केलेली ही मोजपट्टी भाषा शिकणाऱ्या दोन वर्षांच्या बाळाला लावणं चुकीचं आहे. कायदा बदलायची वाट न पाहता जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उसन्या श्रवणयंत्रांचा साठा ठेवता येईल: दाखला न मागता यंत्र द्यायचं, गरज संपली की परत घ्यायचं, साफ करून, नव्या साच्यासह पुढच्या मुलाला. तात्पुरत्या दोषाला तात्पुरतं यंत्र, इतकं हे सरळ आहे.

एवढ्या मुलांना कोण तपासणार, हा आक्षेप नेहमी येतो. ढोबळ हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. वर्षाला लाखभर जन्म धरले आणि ७०० ते १००० जन्मांमागे एक हा जगभरचा अंदाज लावला, तर ओठ किंवा टाळू दुभंगलेली शंभर ते दीडशे बाळं दरवर्षी जन्मत असावीत. त्यांतली टाळूची ऐंशी-नव्वद धरू. वर सांगितलेल्या वेळापत्रकाने एका मुलामागे बारा वर्षांत वीसेक तपासण्या होतात. घडी बसल्यावर आठवड्याला तीस-पस्तीस. एका ऑडिओलॉजिस्टचे (श्रवणतज्ज्ञाचे) दोन-तीन दिवस, एक शांत खोली, एक टिम्पॅनोमीटर, एक ऑडिओमीटर. बेरा फक्त लहान बाळांना. काही दिवस नाशिकला जिल्हा रुग्णालयात, एक दिवस मालेगावला. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहराला हे झेपणार नाही असं मला वाटत नाही.

अवघड आहे ते तारखा पाळणं. सुरगाण्याहून नाशिक ऐंशी-नव्वद किलोमीटर. प्लास्टिक सर्जन सोमवारी, कान-नाक-घसा बुधवारी, स्पीच थेरपी शुक्रवारी असं असेल तर मजुरी बुडवून तीनदा कोण येईल? सगळे एकाच वारी, एकाच मजल्यावर बसले पाहिजेत. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर असतात. तेव्हाची तपासणी त्यांच्या गावात ठेवून ती हुकली म्हणून त्यांना बेजबाबदार ठरवायचं, हे बरोबर नाही. त्या महिन्यांत दिंडोरी आणि निफाडच्या सरकारी रुग्णालयांत तारखा द्याव्यात, गावातली तारीख होळीच्या आसपास ठेवावी. आशाताईंच्या यादीत अशा मुलांची नावं वेगळी असावीत. मूल आश्रमशाळेत गेलं की आईचा पाठपुरावाही तुटतो. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक आश्रमशाळेतल्या मुलाची नोंद प्रवेशाच्या कागदावर घेऊन वर्षातून एकदा ऑडिओग्राम करवून घेण्याचा आदेश तिथून निघू शकतो. वर्गात या मुलाला पहिल्या बाकावर, शिक्षकांचं तोंड दिसेल असं, पंख्यापासून लांब बसवावं. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना तोंडी गणितं विचारू नयेत. तेव्हा ते मूल खरोखर काहीही ऐकू शकत नसतं.

कान-नाक-घसा डॉक्टरांसाठी एक विनंती. वारंवार सर्दी आणि कानात द्रव म्हणून नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ काढायचं ठरलं, तर आधी पडजीभ पाहा. ती दुभंगलेली असेल, टाळूच्या मधोमध निळसर पट्टी किंवा मागच्या कडेला खाच लागत असेल, तर वरून धड दिसणाऱ्या अस्तराखाली टाळू दुभंगलेली असू शकते. अशा मुलाची गाठ पूर्ण काढली की टाळू आणि घसा यांतली फट उघडी पडते आणि काल नीट बोलणारं मूल गेंगाणं बोलू लागतं. टाळू शिवलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

आणि जी मुलं आता मोठी झाली, ज्यांचे कान कधी तपासलेच गेले नाहीत, त्यांचं काय? वर्षानुवर्षं आत ओढलेला पडदा खिशासारखा मागे जातो, त्यात कातडीचे पापुद्रे साठतात आणि तो गोळा कानाची हाडं कुरतडत जातो. याला कोलेस्टिएटोमा म्हणतात, आणि टाळू दुभंगलेल्यांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्याची खूण म्हणजे थोडा-थोडा पण घाण वासाचा स्राव आणि हळूहळू कमी होत जाणारं ऐकणं. दुखणं बहुधा नसतंच. ‘माझा कान लहानपणापासून फुटलेलाच आहे’ म्हणून वीस-पंचवीस वर्षांची माणसं ते अंगवळणी पाडून घेतात. चक्कर येऊ लागली, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली किंवा कानामागे सूज आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तशी वेळ येण्याआधीच, लहानपणी टाळू शिवलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही कान तपासून घ्यावेत आणि एक ऑडिओग्राम काढून तो कागद जपून ठेवावा.